फाइव्ह सॅटिन्सला ‘लॉटरी’ म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या इंग्रजी प्रेमगीतांवरचा लेख वाचला. लेख एरवी चांगला आहे, एल्व्हिसबद्दल जे लिहिलंय ते मनापासून लिहिलंय हे कळतं, पण शेवटाकडे ‘इन द स्टिल ऑफ द नाईट’वर चार ओळी आहेत आणि त्या चार ओळी वाचून पत्र लिहिल्याशिवाय राहवेना. एक तर गाणं कोल पोर्टरच्या नावावर टाकलंय. आणि दुसरं म्हणजे ते गाणारा ग्रुप म्हणजे ‘एका गाण्याची लॉटरी लागलेली पोरं’ असं म्हणून विषय मिटवलाय, ग्रुपचं नाव एकदा येतं आणि गाणाऱ्यांपैकी एकाचंही नाव नाही. पहिली चूक कुणाच्याही हातून होईल, ती दुरुस्त केली की झालं. दुसरी मात्र मला लागली आणि पत्र मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

पहिली आधी निकालात काढतो. कोल पोर्टरचं याच नावाचं गाणं आहे, १९३७ चं, ‘रोझाली’ या सिनेमातलं, पण ते वेगळंच गाणं, चाल वेगळी, शब्द वेगळे. तुमच्या लेखात ज्याचं वर्णन आहे, म्हणजे मागून पोरं ‘शू डूप शूबी डू’ करत राहतात आणि मधे सॅक्सोफोन येतो, ते फाइव्ह सॅटिन्सचं १९५६ चं गाणं आणि ते लिहिलं फ्रेड पॅरिसने. हा घोळ होणार हे रेकॉर्ड काढणाऱ्यांनाही माहीत होतं, म्हणून तर ‘नाईट’चं स्पेलिंग बदलून छापलं आणि नावाला ‘आय विल रिमेंबर’ असंही जोडून दिलं. बऱ्याच जणांनी हे गाणं अलीकडे ‘द आयरिशमन’च्या अगदी सुरुवातीला ऐकलं असेल, नेटफ्लिक्सवर, कॅमेरा त्या वृद्धाश्रमाच्या पॅसेजमधून हळूहळू पुढे सरकतो तेव्हा जे वाजतं तेच हे.

फ्रेड पॅरिस कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचा. येल युनिव्हर्सिटीमुळे ते शहर आपल्याकडे ऐकून माहीत असतं, पण हा येलमधला नाही, त्याच शहरातल्या हिलहाउस हायस्कूलमधला काळा मुलगा, शाळेच्या वयात स्कार्लेट्स नावाचा ग्रुप काढून न्यूयॉर्कच्या रेड रॉबिन कंपनीसाठी रेकॉर्डही केलेला. मग सैन्यात भरती झाला, स्कार्लेट्समधली बाकीची पोरंही सैन्यात गेली, एक इकडे एक तिकडे, ग्रुप मोडला. तर याने न्यू हेवनमध्ये जे गाणारे होते त्यांना धरून दुसरा ग्रुप बांधला, तेच फाइव्ह सॅटिन्स, आणि सुट्टी मिळेल तशी प्रॅक्टिस करायची. पोस्टिंग फिलाडेल्फियाला होतं. तिथे रात्रीच्या पहाऱ्यावर उभं असताना, थंडीत, त्याने हे गाणं मनात जुळवलं, प्रेयसी दूर गेलेली आणि हा अंधारात एकटा. गाण्यातली रात्र मे महिन्यातली आहे, वर चांदण्या आहेत, आणि रचणारा हिवाळ्यात गस्त घालतोय. वय १९. हे सगळं मी का सांगतोय, तर लॉटरी लागायला तिकीट काढण्यापलीकडे काही करावं लागत नाही. इथे शाळेपासून ग्रुप बांधणं, मोडणं, पुन्हा बांधणं, आणि ड्युटी करता करता गाणं रचणं एवढं सगळं आधी झालेलं आहे.

रेकॉर्डिंग फेब्रुवारी १९५६ मध्ये झालं आणि ते स्टुडिओत नाही झालं. न्यू हेवनमधल्याच सेंट बर्नाडेट चर्चच्या तळघरात झालं. मार्टी कुगेल नावाचा तिथलाच एक तरुण पोरगा स्टँडॉर्ड नावाची बारकीशी रेकॉर्ड कंपनी चालवायचा, स्टुडिओचं भाडं त्याला परवडणारं नव्हतं. सॅक्सोफोन वाजवणारा व्हिनी मॅझेटा इटालियन घरातला, त्याच चर्चला जाणारा, त्याने फादरना विचारलं आणि तळघर मिळालं. तो काळ लक्षात घ्या, त्याच महिन्यात तिकडे अलाबामात माँटगोमेरीचा बस बहिष्कार चालू होता, काळ्या माणसाने बसमध्ये कुठे बसायचं यावरून अख्खं शहर पेटलेलं, आणि इकडे एका इटालियन पोराने आपल्या चर्चच्या तळघरात काळ्या पोरांना आणून उभं केलं आणि सगळ्यांनी मिळून हे गाणं टेपवर घेतलं. यावर मोठं भाष्य करायची गरज नाही, पण तुमच्या लेखात याला एक ओळ मिळायला हवी होती.

आता मुद्द्याचं, म्हणजे गाण्याचं. मी वसईचा, आमच्या धर्मग्रामात लहानपणापासून क्वायरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायकांच्या गटात गातोय, बेस गातो, सगळ्यात खालचा आवाज. मराठी भक्तिगीतं आम्ही चार आवाजांत गातो, वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस, नाताळच्या मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठी तर दिवाळीपासूनच तयारी सुरू होते. आपल्याकडच्या संगीतात गाणं म्हणजे एक चाल, गायक ती गातो, कोरस असला तरी सगळे मिळून तीच चाल गातात, त्यामुळे मागे उभं राहून वेगळाच सूर धरणाऱ्याची मेहनत काय असते हे ऐकणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. आमच्याकडे नवीन मुलगा बेसला आला की पहिल्यांदा हेच होतं, शेजारची बाई सोप्रानोची चाल गायला लागली की हा आपोआप तिकडे ओढला जातो, आपला सूर सोडतो आणि त्याला कळतही नाही. मग कीबोर्डवर त्याची ओळ वेगळी काढून द्यायची, एकट्याकडून गाऊन घ्यायची, मग टेनरबरोबर, मग सगळ्यांबरोबर. आणि लांब सूर असेल तर सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, आळीपाळीने चोरून घ्यायचा, नाहीतर मधे भोक पडतं. महिनोन् महिने जातात यात. आणि हे सगळं नीट जमलं की ऐकणाऱ्याला काय वाटतं, तर मुख्य गाणारी काय छान गायली.

हे माहीत असलेल्या माणसाने ‘इन द स्टिल ऑफ द नाईट’ हेडफोन लावून ऐकावं. पॅरिस गायला लागतो त्याच्या आधीपासून मागचे ‘शू डूप’ करतायत आणि जवळजवळ शेवटपर्यंत थांबत नाहीत. पियानोवर एकेका ठोक्याचे तीन-तीन तुकडे, टकटकटक टकटकटक असं अखंड चाललंय, आणि त्यावर हे लोक आपली ओळ अशी ठेवतात की ठोका पुढे पळत असला तरी आवाज संथच राहतो, घाईला येत नाहीत. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सूरगट, चारच, सी पट्टीत गायचं म्हटलं तर सी, ए मायनर, एफ, जी, आणि पुन्हा तेच, त्या काळातल्या शेकडो गाण्यांत हेच चार. म्हणजे चालीची करामत फार नाहीच, सगळं काम आवाज एकमेकांवर कसे बसतात त्यावर. सॅक्सोफोनचा तुकडा आला की मागची अक्षरं बदलतात, ‘डू वॉप, डू वाह’ होतात, एवढा छोटा बदल पण त्याने सॅक्सोफोनला खालून आधार मिळतो. मॅझेटाने वाजवलंय पण किती साधं, कुठे बोटांची कसरत नाही, गाणाऱ्याने दम घ्यायला थांबून दुसऱ्याला बोलू द्यावं तसं. आणि मग पॅरिस परत येतो तेव्हा आवाज पहिल्यापेक्षा जास्त ओला वाटतो, शेवटी शेवटी तर वर चढत जातो आणि मागचे तिघं मात्र जिथे होते तिथेच, तो वर गेलाय म्हणून हे हलत नाहीत. हे हलले असते तर त्याचं वर जाणं कळलंच नसतं.

रेकॉर्डला जो एक धूसर, जरा लांबून आल्यासारखा गुण आहे ना, तो त्या तळघराचा. साधी टेपमशीन, वरून जोडलेले इफेक्ट वगैरे काही नाही, भिंतींवरून परत आलेला आवाज माइकने उचललाय. वाद्यं थोडी दबलेली, ड्रम तर कुठेतरी खोलीच्या पलीकडे असल्यासारखा. पुढे १९९२ मध्ये बॉइज टू मेन या ग्रुपने टीव्ही सिरीजसाठी हे गाणं केलं, वाद्यांशिवाय, फार सफाईदार, अमेरिकेत तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं, मला ते आवडतंही. पण त्यात ती खोली नाही.

एक गोष्ट अजून, नावात फाइव्ह असलं तरी या रेकॉर्डवर आवाज चौघांचे आहेत. फ्रेड पॅरिस, अल डेन्बी, एड मार्टिन आणि जिम फ्रीमन.

आता लॉटरीचं. एकच गाणं चाललं म्हणून लॉटरी, असा लेखकाचा हिशोब दिसतो. पण तसं झालं का ते बघायला हवं ना. रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा हे गाणं तिच्या पहिल्या बाजूलाही नव्हतं. पहिल्या बाजूला ‘द जोन्स गर्ल’ होतं, हे मागच्या बाजूला. रेडिओवाल्यांनी उलटून हे वाजवायला सुरुवात केली, मग न्यूयॉर्कच्या एम्बर कंपनीने स्टँडॉर्डकडून ते घेतलं आणि देशभर पोचवलं. आणि गाणं वर चढत होतं तेव्हा पॅरिस कुठे होता, तर जपानमध्ये. सैन्याने तिकडे पाठवलेलं. स्वतःचं गाणं आपल्या देशात गाजतंय आणि हा हजारो मैल लांब, ना स्टेजवर जाता येतं ना पुढचं रेकॉर्ड करता येतं.

ग्रुपने मग काय करावं. बिल बेकर नावाचा दुसरा मुख्य गायक घेतला आणि १९५७ मध्ये ‘टू द आइल’ काढलं, तेही प्रेमाचंच, लग्नापर्यंत जाणारं. आणि आता आकडे बघा. ‘इन द स्टिल ऑफ द नाईट’ अमेरिकेच्या पॉप यादीत २४ व्या नंबरपर्यंत गेलं होतं, रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे काळ्या श्रोत्यांत चालणाऱ्या गाण्यांच्या यादीत तिसऱ्या. ‘टू द आइल’ पॉपमध्ये २५ व्या नंबरपर्यंत गेलं. म्हणजे मुख्य गायक जपानमध्ये, त्याच्या जागी नवा माणूस, आणि तरी एका नंबराचा फरक! याला लॉटरी म्हणतात का? त्या मागच्या आवाजांत काहीतरी होतं म्हणूनच हे झालं. पॅरिस परत आला तो १९५८ मध्ये, तोपर्यंत ग्रुपचं गणित बदललेलं, पुन्हा जुळवाजुळव. १९५९ मध्ये ‘शॅडोज’ आलं, १९६० मध्ये ‘आय विल बी सीइंग यू’, यादीत आली आणि गेली. सैन्याच्या नोकरीने ऐन मोक्याची वर्षं खाल्ली हे सरळ कारण आहे, यात नशिबाने काही फुकट दिलेलं मला तरी दिसत नाही, उलट काढूनच घेतलं.

आणि हे यांच्याच बाबतीत झालं असंही नाही. त्या पिढीच्या बहुतेक ग्रुपची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच. शाळकरी पोरं, घरी पियानो नाही, गिटारला पैसे नाहीत, म्हणून वाद्यांचं काम तोंडानेच, बेस गिटारचं एकाने करायचं, ट्रम्पेटचं दुसऱ्याने, गल्लीच्या कोपऱ्यावर, जिन्याखाली, शाळेच्या बाथरूममध्ये, जिथे आवाज घुमेल तिथे गायचं. म्हणून ती ‘शू डूप’सारखी अक्षरं, त्यांना अर्थ नाही म्हणून हसणारे भेटतात मला, पण तबल्याच्या बोलांना कुणी अर्थ विचारत नाही. पेंग्विन्सचं उदाहरण घ्या, लॉस एंजेलिसचा ग्रुप, १९५४ मध्ये ‘अर्थ एंजल’ गायले, तेही एका गॅरेजमध्ये रेकॉर्ड केलेलं आणि तेही रेकॉर्डच्या दुय्यम बाजूचं. रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं, पॉपमध्ये आठवं. लगेच क्रू-कट्स या गोऱ्या ग्रुपने तेच गाणं गाऊन तिसऱ्या नंबरपर्यंत नेलं, कारण बरीच रेडिओ स्टेशनं काळ्या ग्रुपची रेकॉर्ड वाजवण्यापेक्षा गोऱ्यांची नक्कल वाजवायची. मग पेंग्विन्सच्या मॅनेजरने मर्क्युरी या मोठ्या कंपनीला सांगितलं की पेंग्विन्स हवे असतील तर माझा दुसरा ग्रुपही घ्यावा लागेल, तो दुसरा ग्रुप म्हणजे प्लॅटर्स. प्लॅटर्स जगभर गाजले. ज्यांच्या जिवावर सौदा झाला ते पेंग्विन्स मागे पडले, त्यांचं दुसरं मोठं गाणं झालंच नाही. यांनाही आपण एका गाण्याची लॉटरीच म्हणणार का?

२४ व्या नंबरबद्दल थोडं अजून लिहायचंय, कारण लेखात ‘त्या वर्षीचं सुपरहिट’ असं छापलंय आणि तेही बरोबर नाही. त्या वर्षी त्याच्या पुढे कितीतरी गाणी होती, त्यातली आज कुणाला आठवतायत! हे गाणं मोठं झालं ते नंतर, हळूहळू, ऐकणाऱ्यांनी सोडलं नाही म्हणून. १९५९ मध्ये लॉस एंजेलिसच्या आर्ट लॅबो या रेडिओवाल्याने जुन्या गाण्यांची निवडक एलपी काढली, ‘ओल्डीज बट गुडीज’, त्यात हे घेतलं. लोक रेडिओला फोन करून जुनी गाणी मागतात हे त्याने रोज ऐकलेलं, तीच यादी त्याने तबकडीवर आणली. त्यानंतर गाणं १९६० मध्ये परत राष्ट्रीय यादीत आलं, १९६१ मध्ये अजून एकदा आलं, तीच जुनी रेकॉर्ड, नवीन काही नाही. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूसीबीएस-एफएम स्टेशनवर श्रोत्यांच्या मतांवर पाचशे गाण्यांची यादी लागायची त्यात हे वर्षानुवर्षं पहिलं. १९८७ मध्ये ‘डर्टी डान्सिंग’मध्ये आलं आणि तिथून एक नवीन पिढी त्याला येऊन मिळाली. हे कंपनीने जाहिरात करून झालेलं नाही, लोकांनी पुन्हा पुन्हा मागून झालंय.

फ्रेड पॅरिस पुढे आयुष्यभर गात राहिला, फाइव्ह सॅटिन्स म्हणून, मधे सत्तरच्या दशकात काही काळ ब्लॅक सॅटिन या नावाने सोलच्या ढंगाचं, मग परत फाइव्ह सॅटिन्स. राहिला न्यू हेवनच्या आसपासच. जुन्या ग्रुपच्या कार्यक्रमांत लोक तिकीट काढून येत ते या एका गाण्यासाठी आणि तो ते गात असे, साठ-पासष्ट वर्षं जुनं झालेलं गाणं. १३ जानेवारी २०२२ ला वारला, ८५ वर्षांचा होऊन. मला आठवतं तसं आपल्या मराठी पेपरांत तेव्हा कुठे ओळही आली नव्हती, आली असली तर माझ्या वाचनात नाही. म्हणूनच आता इतक्या दिवसांनी त्याच्या गाण्याचा उल्लेख आला तर तो त्याच्या नावाने यावा असं फार वाटतं.

लेखकावर माझा राग नाही हे परत सांगतो, जागा कमी असते, शेवटच्या परिच्छेदात घाईने चार गाणी कोंबावी लागतात हे समजू शकतो. पण आपल्याकडे मुख्य गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव छापलं की काम झालं अशी सवय लागलीये, कोरसमध्ये कोण होतं, बासरी कुणाची, हे कुणी विचारत नाही, आणि इथे तर मुख्य गायकाचंही नाव नाही. मागे उभं राहून गाणाऱ्याला टाळ्या नको असतात हो, आम्हालाही नको असतात. नाव मात्र हवं असतं, निदान नाताळच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं असलं की घरची माणसं ती जपून ठेवतात.

वाचकांपैकी कुणाला ऐकायचं असेल तर ‘इन द स्टिल ऑफ द नाईट’ आणि ‘टू द आइल’ एकापाठोपाठ ऐका, मुख्य गायक दोन्हीत वेगळे आहेत, पण पहिल्यांदा ऐकताना त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, मागे काय चाललंय ते ऐका.

आणि संपादक साहेब, येत्या रविवारी दुरुस्ती छापाल तर एवढंच छापा, दोन ओळींत बसतं: ‘इन द स्टिल ऑफ द नाईट’, १९५६, ग्रुप फाइव्ह सॅटिन्स. गीत, चाल आणि मुख्य आवाज फ्रेड पॅरिस, साथीचे आवाज अल डेन्बी, एड मार्टिन, जिम फ्रीमन, सॅक्सोफोन व्हिनी मॅझेटा.

कळावे,
आपला नियमित वाचक,
वसई